इंटरव्हलनंतरची मॅच

आमच्या कॉलेजच्या फुटबॉलवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. नाव ‘फर्स्ट राउंड एफसी’. चार वर्षं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेलो आणि चारही वेळा पहिल्या फेरीत हरून संध्याकाळच्या एसटीने परत आलो, म्हणून हे नाव. ग्रुपमध्ये खेळलेले साधारण पंधरा जण आहेत. बाकीचे माझ्यासारखे, लाइनच्या बाहेर उभं राहून ऑफसाइडवर मत देणारे. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, काहींना मुलं झाली, तरी २०१८ च्या त्या पेनल्टीवरून अजून भांडणं होतात. आणि दुसरं कायमचं भांडण आहे ‘झुंड’वरून.

मध्ये एकाने तो मोबाइलवर पुन्हा पाहिला आणि रात्री साडेअकराला मेसेज टाकला: ‘पिक्चर इंटरव्हललाच संपतो भो. पुढे नुसतं झेरॉक्सचं दुकान.’

खाली चौदा थम्सअप.

मी लाइनबाहेरचा माणूस, त्यामुळे मत देणं आलंच. माझं म्हणणं असं की त्या झेरॉक्सच्या दुकानातच या सिनेमातली खरी मॅच आहे. ती मॅच नागराज मंजुळेंनी पूर्ण ताकदीने खेळली का, हा वेगळा प्रश्न. मला वाटतं, नाही. पण आधी पहिला हाफ.

‘झुंड’ ४ मार्च २०२२ ला थिएटरात आला. मंजुळेंचा पहिला हिंदी चित्रपट, लांबी तीन तासांना दोन मिनिटं कमी. मूळ माणूस नागपूरचे विजय बारसे. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवायचे. २००१ च्या एका पावसात त्यांना झोपडपट्टीतली पोरं तुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली आणि तिथून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. सिनेमात त्यांचा विजय बोराडे होतो, आणि बोराडे होतात अमिताभ बच्चन. कॉलेज आणि वस्ती यांच्या मध्ये एक भिंत आहे. बोराडे सर या बाजूचे, पोरं त्या बाजूची.

पहिल्या हाफातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पाचशे रुपये. सर पोरांना फुटबॉल देतात आणि वर पैसे देतात: अर्धा तास खेळा, हे घ्या. पोरांना वाटतं, म्हातारा येडा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, पुन्हा पैसे. असं होत होत एक दिवस पैसे नसतात आणि तरी पोरं बॉल मागतात. खेळावरच्या आपल्या सिनेमांत इथे हमखास एक भाषण असतं. देश, आई, तिरंगा, जे काही असेल ते. मंजुळे इथे भाषण टाळतात आणि सवय दाखवतात. व्यसन सोडवायचं तर त्याच्या जागी दुसरी सवय लावावी लागते, एवढं साधं गणित. आणि ते पटतं, कारण समोरचे चेहरे नटांचे वाटत नाहीत. डॉन झालेल्या अंकुश गेडामला पुढे फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार बाजूला ठेवा. तो पोरगा कॅमेऱ्याकडे ज्या संशयाने बघतो, तसं बघायला कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिकवत नाहीत.

मंजुळेंच्या सिनेमात खेळापेक्षा खेळ बघणारे जास्त महत्त्वाचे असतात, हे मला उशिरा कळलं. ‘सैराट’ सुरूच होतो गावच्या क्रिकेट मॅचने. कॉमेंट्री, धूळ, टेनिस बॉल, आणि त्या निमित्ताने कोण कुठे बसतं, कुणाला हार पडतो, हे सगळं दहा मिनिटांत कळतं. ‘फँड्री’त तर खेळच नाही. जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय आणि गाव बसून बघतंय, हसतंय, जणू मॅच चालू आहे. ‘झुंड’मधली कॉलेजविरुद्ध वस्ती ही मॅच या दोन्हींच्या पुढची पायरी आहे. फँड्रीत ज्यांना हसत होते, तेच आता लाइनच्या आत आले आहेत आणि हसणारे कंपाउंडला टेकून उभे आहेत. आधी मागे पडलेली पोरं शेवटी जिंकतात. थिएटरात शिट्ट्या पडल्या, मीही टाळ्या वाजवल्या.

मग घरी येताना वाटायला लागलं की काहीतरी खटकलं.

खटकलं ते कॉलेज. सिनेमातली कॉलेज टीम म्हणजे इस्त्रीचे किट, महागडे बूट, नाकावर माशी नाही. नागपुरात अशी कॉलेजं असतील, मी नाकारत नाही. पण मी नंदुरबार जिल्ह्यातला. आमच्याकडे कॉलेजची टीम म्हणजे काय, तर धडगावच्या पाड्यावरून आलेला राइट विंगर, तळोद्याचा स्टॉपर, शहाद्याचे दोन मिडफिल्डर आणि एका सीनियरने सोडून दिलेले बूट, जे पायाच्या मापाप्रमाणे नाही तर पोझिशनप्रमाणे वाटले जायचे. स्ट्रायकरला नवे, गोलकीपरला उरलेले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची जवळजवळ सत्तर टक्के लोकसंख्या आदिवासी. इथे कॉलेज आणि वस्ती यांच्या मधून भिंत जात नाही. ती कॉलेजात शिकणाऱ्या पोराच्या आतून जाते. सकाळी तो प्रॅक्टिकलला सी प्लस प्लस लिहितो आणि शुक्रवारी रात्री ज्या घरी जातो तिथे मोबाइलला रेंज धरायला टेकडीवर चढावं लागतं. ‘झुंड’ला हा पोरगा माहीत नाही. त्याला दोनच बाजू माहीत आहेत. मॅच रंगवायला दोन बाजू पुरतात. पण सिनेमा पुढे ज्या प्रश्नाला हात घालतो, त्याला त्या पुरत नाहीत.

तो प्रश्न असा: स्पर्धेत कुणाला घ्यायचं, आणि हे ठरवायचं कुणी?

ऐकायला हा प्रश्न मोठा वाटतो, पण आमच्या ग्राउंडवर तो फारच बारीक होऊन आला होता. आमच्या भागातली कॉलेजं जळगावच्या विद्यापीठाची, ज्याला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. कॉलेजांचे विभाग, विभागातून आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाची टीम, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी शिडी. आम्ही कायम पहिल्या पायरीवर. २०१७ पासून राज्यातल्या बऱ्याच अभियांत्रिकी कॉलेजांनी रायगड जिल्ह्यातल्या लोणेरेच्या तंत्रज्ञान विद्यापीठाची संलग्नता घेतली, त्यात आमचंही होतं. माझ्या शेवटच्या वर्षी वरचे दोन वर्ग जळगावचे आणि खालचे दोन लोणेरेचे, असं एकाच बिल्डिंगमध्ये झालं. कुणाचीच चूक नव्हती, बदल असाच टप्प्याटप्प्याने होतो. फक्त आमचा गोलकीपर सेकंड इयरचा होता. एका ग्राउंडवर रोज एकत्र प्रॅक्टिस करणारी पोरं कागदावर दोन विद्यापीठांची निघाली. त्या वर्षी गोलमध्ये आमच्या मेसचा सेक्रेटरी उभा राहिला. स्कोअर सांगत नाही.

नोकरीला लागल्यावर कळलं की हे दुःख जागतिक आहे. आमच्या टीमच्या कॉलवर एक अमेरिकन सहकारी असतो, ऑरेगन राज्यातला. मॅचच्या दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा बघूनच बिल्डला हात लावायचा की नाही ते ठरतं. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल, म्हणजे त्यांचा हातात धरायचा फुटबॉल, हा आपल्या आयपीएलएवढा धंदा आहे. कॉलेजं ‘कॉन्फरन्स’मध्ये वाटलेली असतात. मूळ कल्पना अशी की जवळपासच्या विद्यापीठांनी एकमेकांशी खेळावं. ‘बिग टेन’ ही १८९६ पासूनची, मध्य-पश्चिमेतली. नावात दहा, पण २०२४ पासून तिच्यात अठरा कॉलेजं आहेत. लॉस एंजेलिसचं विद्यापीठ आणि न्यू जर्सीचं विद्यापीठ आता एकाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे धुळ्याने गुवाहाटीशी आंतरविभागीय खेळावं तसं. कारण टीव्हीचे हक्क, अब्जावधी डॉलर. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जुन्या कॉन्फरन्समधून दहा कॉलेजं निघून गेली आणि मागे दोनच उरली: ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. माझा सहकारी त्या दोनातल्या एकाचा. तो म्हणाला होता, आम्ही वाईट खेळलो म्हणून बाहेर राहिलो असतो तर चाललं असतं.

हे वाक्य मी विसरलेलो नाही. फॅन लोक खेळाबद्दल बोलतात तेव्हा ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एक, आपण कसं खेळलो. दोन, आपण आत आहोत का. पहिल्यावर कितीही भांडता येतं, कारण त्याचा निकाल मैदानावर लागतो. दुसऱ्याचा निकाल खोलीत लागतो आणि त्या खोलीत आत असलेलेच लोक बसलेले असतात. नवीन कुणाला घ्यायचं हे ते ठरवतात, आणि विचारतात की हा आल्याने आपल्याला काय मिळेल? फुटबॉलचा वर्ल्डकप २०२६ साठी ३२ टीमवरून ४८ वर गेला. आशियाच्या जागा साडेचारवरून साडेआठ झाल्या. दार जवळजवळ दुप्पट रुंद झालं. भारत जून २०२४ मध्ये पात्रतेच्या दुसऱ्याच फेरीत कतारकडून हरून बाहेर पडला. इथे तक्रारीला जागा नाही, आपण खेळलोच तसे. पण दार रुंद होणं आणि आपल्याला आत घेणं यात फरक असतो, आणि तो फरक मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिला आहे.

मुंबईच्या क्रिकेटमध्ये आधी युरोपियन विरुद्ध पारशी मॅच व्हायची, १८९२ पासून प्रेसिडेन्सी मॅच म्हणून. १९०७ ला हिंदू आले, तिरंगी झाली. १९१२ ला मुस्लिम आले, चौरंगी. १९३७ ला ‘द रेस्ट’ नावाची उरलेल्यांची टीम आली, पंचरंगी. दर वेळी स्पर्धा ‘वाढली’. पण पळवणकर बाळू कोणत्या टीममध्ये? हिंदूंच्या, कारण त्यांच्याइतका डावखुरा स्पिनर दुसरा नव्हता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त विकेट घेतल्या. तरी ते दलित, आणि हिंदूंचं कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये. स्पर्धा रुंदावून सोळा वर्षं झाली होती. टीमच्या आतलं दार मात्र आता उघडलं. पळवणकर विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ नावाचं आत्मचरित्र मराठीत लिहिलं, १९४८ मध्ये. रामचंद्र गुहांनी इंग्रजीत या भावांवर लिहिलं तेव्हा आपल्याला ते ‘सापडले’. मराठीत खेळावर लिहिणाऱ्यांनी आकडे खूप जपले, हे पुस्तक तेवढं नाही जपलं. असो.

‘लगान’ सगळ्यांनी पाहिलेला आहे. तिथे कचराला टीममध्ये घ्यायचं की नाही हा पेच भुवनच्या एका भाषणात सुटतो. पाच मिनिटं, गाव गप्प, कचरा आत. पुढे त्याचा हात वाकडा आहे म्हणून बॉल वळतो, आणि तो उपयोगी ठरतो. ‘झुंड’ याच्या उलट वागतो. इथे मैदानावर सिद्ध करून झालेलं आहे. इंटरव्हल झाली. आणि आता सांगण्यात येतं की ते सिद्ध करणं मोजलंच जाणार नव्हतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलंय, तर पासपोर्ट काढा. पासपोर्टला पुरावा आणा. डॉनवर पोलिस केस आहे. कुणाचा बाप नाही, कुणाचा पत्ता नाही. माझ्या मित्राला हे कंटाळवाणं वाटलं. मला वाटतं, कंटाळवाणं असणं हेच त्यातलं खरं आहे. गोल मारायला डॉनला काही सेकंद लागतात. तो डॉन आहे हे कागदावर आणायला सिनेमाचा अर्धा वेळ लागतो.

आणि मग येते मोनिका. रिंकू राजगुरू. आदिवासी पोरगी, फुटबॉल खेळते, निवड झाली आहे, आणि बापाबरोबर एका दारातून दुसऱ्या दारात फिरतेय. तिला सिद्ध करायचंय की ती आहे. हा भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेजारी बसलेल्याने मोबाइल काढला. मी सरळ होऊन बसलो.

कारण २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आमच्या जिल्ह्यात. शहादा तालुक्यातलं टेंभली गाव, रंजना सोनवणे यांना. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. मी तेव्हा शाळेत होतो आणि हेलिकॉप्टर हा आमच्यासाठी त्या दिवसाचा मुख्य विषय होता. देशाने ओळख द्यायला सुरुवात कुठून केली, तर जिथे कागद सर्वांत कमी होते तिथून. कल्पना म्हणून हे बरोबरच होतं. पण कागद आल्यावर काय होतं, हे आमच्या राइट विंगरने मला शिकवलं.

तो पाड्यावरचा. जन्म घरी झालेला, तारीख कुणी लिहिली नव्हती. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी लिहिली १ जून. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं इतकी का आहेत याचं कारण हेच, शाळा जूनमध्ये सुरू होतात. पुढे आधार काढायला गेले तेव्हा फक्त वर्ष सांगता आलं, तर सिस्टीमने टाकली १ जानेवारी. मी आता याच प्रकारचं काम करतो, म्हणून सांगतो: रकाना रिकामा ठेवता येत नसेल तर प्रोग्रॅमर एक ठरलेली किंमत टाकतो. त्याला डिफॉल्ट म्हणतात. गुरुजींनीही तेच केलं आणि सर्व्हरनेही तेच. दोघांनी आपापल्या जागी बरोबर केलं आणि त्या दोघांच्या मध्ये एका माणसाचे दोन जन्म झाले. आम्ही ग्रुपवर त्याला वर्षातून दोनदा विश करायचो आणि दोनदा पार्टी मागायचो.

थर्ड इयरला एका मोठ्या निवड चाचणीला तो गेला होता. कुठली ते लिहीत नाही. आमच्या चार वर्षांत कॉलेजच्या बाहेर ज्याच्याकडे कुणी बघावं असा तो एकच खेळाडू होता. डाव्या पायाने आत कापत यायचा आणि डिफेंडर उजवीकडेच बघत राहायचा. टेबलावर दहावीचा दाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवले गेले आणि तारखा जुळल्या नाहीत. वयाचा गट असतो, त्यामुळे तारीख महत्त्वाची. प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. त्यासाठी स्टॅम्पपेपर, नोटरी, परतीची बस. तो दुपारी परत आला तेव्हा शूज बांधलेलेच नव्हते, खांद्यावर लटकत होते. आम्ही विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, ‘हरलो ना भो.’ खेळला नव्हता. कित्येक महिने आम्हाला वाटत होतं की तो खेळून हरला.

म्हणून मोनिकाचा बाप ज्या आवाजात बोलतो, तो मला माहीत आहे. आदिवासी विद्यार्थ्यांना जात वैधतेसाठी १९५० च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो, हे माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना माहीत होतं. पणजोबांच्या नावाचा कागद, जेव्हा पणजोबांच्या काळात पाड्यावर कागदच नव्हता. ‘झुंड’ने हे पडद्यावर आणलं, तेही बच्चनच्या सिनेमात. त्याबद्दल मंजुळेंना मी मानतो.

आणि म्हणूनच पुढची तक्रार. मोनिका सिनेमात पाहुणी आहे. नागपूरच्या पोरांना सिनेमा सगळं देतो: चाल, शिव्या, प्रेम, मारामाऱ्या, आंबेडकर जयंतीची मिरवणूक, कॅमेऱ्यासमोर बसून आपापली गोष्ट सांगण्याची जागा. मोनिकाला देतो एक अडचण. तिची अडचण आपल्याला नीट कळते, ती नाही कळत. तिचा खेळ फार थोडा दिसतो. ती कुठल्या पोझिशनला खेळते, रागावते कशी, टीममध्ये तिचं कुणाशी पटतं, काही नाही. बोराडे सरांची पोरं आधी खेळाडू होतात आणि मग कागदात अडकतात, म्हणून त्यांचं अडकणं लागतं. मोनिका येते तीच अडकलेली. आदिवासी म्हणजे कागद नसलेला माणूस, एवढीच तिची ओळख उरते. ज्या सरकारी नजरेवर सिनेमा टीका करतोय, त्या नजरेला तरी याहून वेगळं काय दिसतं? रिंकू राजगुरूने एका सिनेमात बुलेट चालवत अख्खा महाराष्ट्र हलवला होता. तिला इथे रांगेत उभं केलंय.

ग्रुपवर मी हे लिहिलं तर एकाने उत्तर दिलं: सगळ्यांना कसं घेणार, आधीच तीन तास. बघा, हाच तो मुद्दा. दार रुंद केलं, आत घेतलं, जागा दिली नाही. ‘झुंड’ने विषयाच्या बाबतीत जे केलं तेच आपल्या स्पर्धा टीमच्या बाबतीत करतात.

दुसरी तक्रार कोर्टाच्या सीनची. डॉनला परदेशी जाता यावं म्हणून बोराडे सर कोर्टात बोलतात. बच्चन बोलतात ते चांगलंच बोलतात, आवाज आहे, थांबे आहेत, अंगावर काटा येतो. पण पहिल्या हाफात पाचशे रुपयांच्या प्रसंगात जो सिनेमा भाषण टाळण्याइतका शहाणा होता, तोच इथे सगळा निकाल एका भल्या माणसाच्या भाषणावर सोडतो. म्हणजे फिरून ‘लगान’. आत घ्यायचं की नाही हे पुन्हा खोलीतच ठरलं, फक्त या वेळी खोलीत आपला माणूस होता. प्रत्येक डॉनला बोराडे मिळत नाही, हे सिनेमालाही माहीत आहे असं शेवटच्या शॉटवरून वाटतं. विमान उडतं, खाली वस्ती लहान होत जाते, आणि ती भिंत दिसते, ओलांडायला मनाई असल्याची पाटी मिरवणारी. टीम वरून गेली. भिंत जागच्या जागी.

तो शॉट खरा ठरला, आणि फार वाईट रीतीने ठरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये या सिनेमात काम केलेल्या एका तरुण नटाचा नागपुरात खून झाला. बातमीच्या शीर्षकात त्याच्या नावाच्या आधी ‘झुंड फेम’ असं होतं. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. ‘झेरॉक्सचं दुकान’ म्हणणाऱ्यानेच बातमीची लिंक टाकली होती.

सिनेमा स्पर्धा दाखवत नाही, विमानापाशी संपतो. काहींना हे फसवणूक वाटतं. पण प्रत्यक्षातला बेघरांचा वर्ल्डकप कसा असतो ते वाचल्यावर मला मंजुळेंचा निर्णय पटला. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात तो सुरू झाला, तेव्हा १८ टीम होत्या. एका बाजूला चारच खेळाडू, मैदान छोटं, मॅच चौदा मिनिटांची. आणि नियम असा की एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा. मी जेवढ्या स्पर्धा पाहतो त्यात जिंकलेल्याला पुन्हा यायचा पहिला हक्क असतो. इथे स्टार तयारच होऊ द्यायचा नाही. फॅन म्हणून विचार केला तर हे भयंकर आहे, मग आम्ही पेनल्टीवर भांडायचं कुणाशी? पण दरवर्षी अख्खी टीम नवी असल्यामुळे इथे दार उघडलं की आत जागाही असते. ‘झुंड’ला हा नियम कथेत वापरता आला असता. डॉनला हे एकच तिकीट आहे, पुढचं नाही, हे प्रेक्षकाला माहीत असतं तर विमानतळावरचा प्रसंग आहे त्याहून जड झाला असता.

एवढं सगळं मी ग्रुपवर चार मोठ्या मेसेजमध्ये टाकलं. कुणीतरी ‘थिसिस लिही’ म्हणालं. कुणीतरी पुन्हा त्या पेनल्टीवर गेलं. आमचा राइट विंगर ग्रुपमध्ये आहे, पण बोलत नाही. आता तो एका आश्रमशाळेत शिकवतो आणि संध्याकाळी पोरापोरींना खेळवतो. दोन दिवसांनी त्याने मला वेगळा मेसेज केला. सिनेमाबद्दल एक अक्षर नाही. त्याच्या शाळेतल्या सोळा मुलांची यादी होती, जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी. नाव, इयत्ता, जन्मतारीख. खाली लिहिलं होतं: ‘तुला कॉम्प्युटरचं कळतं. दाखला आणि आधार दोन्हीकडच्या तारखा मी मांडल्यात. कुठे जुळत नाही ते बघून सांग, अजून महिना आहे.’

मी शीट उघडली. सोळापैकी नऊ जणांचा जन्म १ जूनचा होता.